१३७ जीबीच्या पलीकडे गेलेला कर्नल

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात २००४ च्या सुमाराचा एक लॅपटॉप अजून रोज कामाला आहे. जुने दिवाळी अंक स्कॅन करून ठेवण्याचं काम त्याच्यावर चालतं. वाचनालयात नवा संगणकही आहे, पण तो दिवसभर देवघेवीच्या खिडकीवर अडकलेला असतो. फ्लॅटबेड स्कॅनर इतका जुना की आजच्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हरच मिळत नाही. लिनक्सवर मात्र स्कॅनर चालवणाऱ्या 'सेन' या सॉफ्टवेअरमुळे तो जोडताक्षणी ओळखला जातो. म्हणून कोपऱ्यातलं टेबल, हा लॅपटॉप आणि तो स्कॅनर अशी जोडी जमली आणि चांगली चालली.

लॅपटॉपचा प्रोसेसर पेंटियम एम, १.५ गिगाहर्ट्झ. रॅम १ जीबी. मूळची ४० जीबीची आयडीई हार्ड डिस्क गेली तेव्हा तिच्या जागी ४४ पिनांच्या अडॅप्टरवर २४० जीबीची एमसॅटा एसएसडी बसवली होती. सिस्टिम अँटीएक्स २३ हे हलकं लिनक्स, ३२ बिट. ही निवड विचार करून केलेली होती. या पिढीतले बरेच पेंटियम एम पीएई ही (४ जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरू देणारी) सोय पोटात असूनही बाहेर जाहीर करत नाहीत. त्यामुळे पीएई मागणारा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्यांच्यावर थेट सुरू होत नाही, 'फोर्सपीएई' असा पॅरामीटर द्यावा लागतो. अँटीएक्सचा ३२ बिट कर्नल पीएई मागतच नाही, म्हणून तो प्रश्नच उरला नव्हता.

दोनेक वर्षं सगळं सुरळीत होतं. मग एक दिवस ग्रंथपाल बाईंचा फोन आला की लॅपटॉप सुरू होत नाही. पाठोपाठ तिथे स्कॅनिंगला येणाऱ्या कॉलेजच्या मुलाने मोबाइलवर पडद्याचा फोटो पाठवला. शेवटची ओळ स्पष्ट दिसत होती: कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक, आणि पुढे कंसात दोन शून्यं. थोडक्यात, कर्नलला सिस्टिम असलेला डिस्कचा भागच सापडला नव्हता.

"दादा, मी फक्त अपडेट मारलं. बाकी कशाला हात लावला नाही," तो म्हणाला. त्याने नवा कर्नल बसवला होता. आवाजावरून पोरगा घाबरलेला वाटला. शेकडो पानांचं स्कॅनिंग त्याच्याच हातचं होतं. मी त्याला एवढंच सांगितलं की पॅनिकची ओळ आली म्हणजे अंक गेले असं नसतं, आता काही नव्याने इन्स्टॉल करू नकोस, मी येतो.

लक्षणं एकमेकांशी जुळत नव्हती

तिथे पोचून पाहिलं तर चित्र फोनवर ऐकलं त्यापेक्षा गुंतागुंतीचं होतं. कर्नल निवडून सुरू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमचा मेन्यू नीट येत होता. नवा कर्नल निवडला की कधी पॅनिक, तर कधी त्याच्याही आधी वेगळंच काही. प्रगत पर्यायांत जाऊन जुना कर्नल निवडला तर मशीन जणू काही झालंच नाही अशा थाटात सुरू व्हायचं. स्कॅन केलेले अंक शाबूत, स्कॅनर चालू. मुलाने मधल्या काळात जुन्या कर्नलवरून नवा काढून पुन्हा बसवला होता, आणि नवल म्हणजे तो त्या वेळी सुरूही झाला होता. पुढे कुठलंसं छोटं पॅकेज अपडेट झालं आणि पुन्हा पॅनिक.

अशा वेळी संशय घ्यायला जागा भरपूर असतात. मुलाचं म्हणणं होतं की नवा कर्नल या प्रोसेसरला चालत नाही. बाईंना वाटत होतं की एसएसडी खराब झाली, कारण ती त्यांनी स्वतः स्वस्तातली आणवली होती. रॅमचीही शंका घेता आली असती.

पीएईची शंका लगेच बाद झाली. कर्नलला हवी ती सोय प्रोसेसरमध्ये दिसली नाही, तर तो अगदी पहिल्या पावलावर थांबतो आणि तसं लिहून दाखवतो. पीएई नाही, या कर्नलने सुरू होता येणार नाही, असा तो मजकूर असतो. फाइल सिस्टिम माउंट करण्यापर्यंत तो पोचतच नाही. इथे कर्नल तिथवर पोचून मग कोसळत होता, म्हणजे प्रोसेसर त्याला मान्य होता. शिवाय एकदा का होईना, हाच कर्नल याच मशीनवर व्यवस्थित चालला होता.

एसएसडीसाठी लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवरून, मशीन सुरू केलं. 'डीडी'ने अख्खी डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून काढली, एकही वाचनदोष नाही. फाइल सिस्टिमची सक्तीची तपासणी केली, ती स्वच्छ. नव्या कर्नलच्या फाइलचा चेकसम पॅकेजमधल्या मूळ फाइलशी ताडून पाहिला, तंतोतंत जुळला. रॅमची चाचणी रात्रभर चालू ठेवली, तीही निर्दोष.

डिस्क चांगली, फाइल चांगली, प्रोसेसर चालणारा, रॅम चांगली. आणि तरीही तीच फाइल सुरू होताना उघडत नाही. हे सगळं एकाच वेळी खरं असेल, तर डिस्क वाचणारा कोण आहे, हा प्रश्न विचारावा लागतो. लाइव्ह यूएसबीवर ती लिनक्स वाचतो. सुरू होताना मात्र ती ग्रब वाचतो, आणि ग्रब स्वतः वाचत नाही, बायोसला, म्हणजे मशीनमध्येच बसवलेल्या मूळ प्रोग्रॅमला, वाचायला सांगतो.

पॅनिकच्या आधीच्या दहा सेकंदांत

मुलाला लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करायला लावलं आणि पडद्यावरून नजर हलू दिली नाही. नवा कर्नल निवडल्यावर 'लोडिंग लिनक्स' आलं, मग 'लोडिंग इनिशियल रॅमडिस्क', आणि त्याखाली एक ओळ: एरर, अटेम्प्ट टू रीड ऑर राइट आउटसाइड ऑफ डिस्क, पुढे 'एचडी०'. त्याखाली कुठलीही कळ दाबा अशी सूचना. कळ दाबली नाही तरी ग्रब काही सेकंद थांबून आपणहून पुढे जातो. मग कर्नलच्या ओळी धडाधड पळतात आणि शेवटी पॅनिक उरतो. फोटोत तेवढाच आला होता.

कोडं इथे उलगडायला लागलं. ग्रबला कर्नलची फाइल मिळाली होती, पण इनिटआरडीची, म्हणजे त्या 'इनिशियल रॅमडिस्क'ची, मिळाली नाही. त्याने तशी तक्रार केली आणि अर्ध्याच शिदोरीवर कर्नलला पुढे रवाना केलं. रूट पार्टिशन, म्हणजे सिस्टिम असलेला डिस्कचा भाग, यूयूआयडी या ओळखक्रमांकावरून शोधण्याचं काम इनिटआरडी करते. तीच नसेल तर कर्नलला रूट सापडत नाही आणि तो पॅनिक होतो. दुसऱ्या प्रकारात कर्नलचीच फाइल ग्रबच्या हाताबाहेर असायची. तेव्हा आउटसाइड ऑफ डिस्कची तीच ओळ यायची आणि पाठोपाठ 'यू नीड टू लोड द कर्नल फर्स्ट'. दिसायला दोन वेगळे बिघाड, मूळ एकच.

'डिस्कच्या बाहेर वाचायचा प्रयत्न' हे वाक्य बहुतेक लोक डिस्क किंवा पार्टिशन टेबल बिघडल्याची खूण समजतात आणि ग्रब पुन्हा बसवतात. मुलाने तेही करून पाहिलं होतं, फरक शून्य. मला ते वाक्य अक्षरशः घ्यावंसं वाटलं. ग्रब म्हणतोय की मागितलेली जागा डिस्कबाहेर आहे, तर त्याच्या लेखी डिस्क संपते कुठे?

ग्रबच्या मेन्यूत 'सी' दाबून त्याच्या कमांड लाइनवर गेलो आणि 'एलएस'ला 'एल'चा पर्याय देऊन चालवलं. पहिल्या डिस्कचं एकूण आकारमान दिसलं सुमारे १३ कोटी ४२ लाख किलोबाइट. त्याच्याच खाली त्या डिस्कवरच्या पहिल्या पार्टिशनचं आकारमान, २३ कोटी २३ लाख किलोबाइट. पार्टिशन डिस्कपेक्षा मोठं! मग बायोस सेटअप उघडला. तिथे हार्ड डिस्कसमोर १३७ जीबी लिहिलेलं होतं. एसएसडी बसवल्यापासून ते तसंच असणार. तिकडे कुणाला बघायची गरजच पडली नव्हती.

२८ बिटांची हद्द

१३७ हा आकडा जुन्या हार्डवेअरवर काम करणाऱ्याच्या ओळखीचा आहे. आयडीई या जुन्या जोडणीच्या डिस्कवरच्या सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा, पत्ता आधी २८ बिटांत लिहिला जायचा. दोनाचा अठ्ठाविसावा घात म्हणजे २६,८४,३५,४५६ सेक्टर; प्रत्येक ५१२ बाइटचा, म्हणजे १,३७,४३,८९,५३,४७२ बाइट. त्याच्या पुढच्या सेक्टरला पत्ताच नाही. ४८ बिटांचा पत्ता एटीए-६ या मानकाबरोबर २००२ मध्ये आला. विंडोज एक्सपीलाही तो पहिल्या सर्व्हिस पॅकपासून कळायला लागला. पण लॅपटॉपची बायोस लिहिणारे सगळे लगेच तिथवर पोचले नाहीत. ४० आणि ६० जीबीच्या डिस्कचे ते दिवस, कुणाला घाई नव्हती. त्यामुळे २००३-०४ मधल्या अनेक मशीनांना मोठी डिस्क लावली की बायोसला तिचा सुरुवातीचा १३७ जीबीचा भागच दिसतो.

लिनक्सला याचं काहीच वाटत नाही. कर्नल एकदा चालू झाला की बायोसला विचारत नाही, आपल्या ड्रायव्हरमार्फत डिस्कशी थेट ४८ बिटांत बोलतो. म्हणून लाइव्ह यूएसबीला पूर्ण २४० जीबी दिसते, इन्स्टॉलर तिच्यावर एकच मोठं रूट पार्टिशन बिनतक्रार बनवतो, स्कॅन केलेले अंक कुठेही साठवता येतात. अडचण फक्त त्या क्षणापुरती, जेव्हा कर्नल अजून डिस्कवरची एक फाइल आहे आणि ती आणून देणारी बायोस आहे.

मग दोन वर्षं का चाललं? कारण तेव्हा डिस्क रिकामी होती. कर्नल आणि इनिटआरडी असलेल्या 'बूट' डिरेक्टरीतल्या फाइली कुठे बसवायच्या हे ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम ठरवते. त्यांचा मुक्काम सुदैवाने सुरुवातीच्या भागात पडला होता. ए४ आकाराचं एक पान ३०० डीपीआयला ग्रेस्केलमध्ये स्कॅन केलं की कॉम्प्रेस न केलेली टिफ फाइल ८.७ एमबीची होते. दोनशे पानांचा एक दिवाळी अंक म्हणजे पावणेदोन जीबी. शंभर अंक होता होता डिस्कचा सुरुवातीचा भाग भरत आला, आणि नवा कर्नल आला तेव्हा मोकळी सलग जागा हद्दीपलीकडेच उरली होती. आता तो कधी अलीकडे बसे, कधी पलीकडे. इनिटआरडी तर पुन्हा तयार होते तेव्हा आधी वेगळ्या नावाने नव्या जागी लिहिली जाते आणि मग जुनीच्या नावावर येते. म्हणून कर्नलशी संबंध नसलेलं पॅकेज अपडेट झालं तरी तिची जागा बदलायची. मुलाला दिसलेलं 'कधी चालतं, कधी नाही' ते हेच.

हे अंदाजावर सोडायचं नव्हतं. जुन्या कर्नलवरून सिस्टिम सुरू केली आणि 'फाइलफ्रॅग' ही आज्ञा सविस्तर माहितीच्या पर्यायासह बूटमधल्या फाइलींवर चालवली. फाइल डिस्कवर नेमकी कुठल्या ब्लॉकवर आहे ते ती दाखवते. ब्लॉक ४०९६ बाइटचे, म्हणजे एका ब्लॉकमध्ये आठ सेक्टर. पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होत होतं. हिशेब केला तर या पार्टिशनमध्ये ३,३५,५४,१७६ या ब्लॉकपासून बायोसची नजर संपते. जुना कर्नल आणि त्याची इनिटआरडी ९२ लाखांच्या आसपास. नवा कर्नलही हद्दीच्या आत. नवी इनिटआरडी मात्र ४ कोटी १६ लाखांच्या पुढे, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीपासून जवळपास १७० जीबीवर. मुलाला मी तो आकडा दाखवला आणि म्हटलं, "तू अपडेट मारलंस म्हणून हे बिघडलं नाही. एसएसडी बसवली त्या दिवसापासून हे ठरलेलंच होतं." त्याने तो हिशेब वहीत स्वतः पुन्हा करून पाहिला. मला त्याचं फार बरं वाटलं.

दुरुस्ती

उपाय जुनाच आहे: डिस्कच्या अगदी सुरुवातीला बूटसाठी वेगळं छोटं पार्टिशन. पूर्वी बूट पहिल्या १०२४ सिलिंडरांच्या आत ठेवा असा सल्ला असायचा, तो अशाच दुसऱ्या एका बायोस-मर्यादेमुळे. मर्यादा बदलली, पण उपाय बदलला नाही. ग्रबला बायोस सोडून स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क वाचायला लावता येतं, 'नेटिव्हडिस्क' नावाची सोय त्यात आहे. पण मी ती टाळली. उद्या दुसऱ्या कुणी भल्या हेतूने ग्रब पुन्हा बसवला की ती सेटिंग जाणार आणि बाई पुन्हा फोन करणार. पार्टिशन कुणी सहज पुसत नाही. बायोसची नवी आवृत्ती हा तिसरा मार्ग, पण या मॉडेलसाठी निघालेली शेवटची आवृत्ती आधीच बसवलेली होती.

पार्टिशनसाठी जागा सुरुवातीला हवी होती, आणि तिथे रूट बसलेलं. जीपार्टेड या पार्टिशन बदलण्याच्या प्रोग्रॅमने रूटची सुरुवात पुढे सरकवता येते, पण त्यात दीडशे जीबीच्या वर माल जागच्या जागी हलतो, तासन् तास. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली, गावात वीज कधी जाईल सांगता येत नाही. मध्येच वीज गेली तर फाइल सिस्टिम गेली. त्याऐवजी सगळं बाहेरच्या डिस्कवर 'आरसिंक' या प्रत काढण्याच्या आज्ञेने घेतलं. मालकी, परवानग्या, हार्डलिंक, एसीएल सगळं जपणारे पर्याय लावून. वीज गेली असती तर आरसिंक पुन्हा चालवून उरलेलं घेता आलं असतं. यूएसबी २.० वर याला वेळ लागतो, लागू द्यावा. प्रत झाल्यावर चेकसमच्या पर्यायाने कोरडी फेरी (काही न लिहिता नुसती तुलना) मारली आणि एकाही फाइलमध्ये फरक नाही हे दिसल्यावरच एसएसडीला हात लावला. अंकांची आणखी एक प्रत वाचनालयाच्या नव्या संगणकावरही ठेवायला लावली.

मग एसएसडीवर नवी मांडणी: पहिलं पार्टिशन १ जीबी, बूटसाठी, दुसरं रूट, शेवटी २ जीबी स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची जागा. स्वॅप हद्दीपलीकडे असली तरी चालते, तिला फक्त लिनक्स हात लावतो. माल परत आणला. नव्या पार्टिशनांचे यूयूआयडी 'एफएसटॅब' या पार्टिशनांच्या यादीत लिहिले, बूटची ओळ वाढवली. डेव्ह, प्रॉक आणि सिस बाइंड करून 'सीएचरूट'ने लाइव्ह यूएसबीवरूनच डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत गेलो, ग्रब-इन्स्टॉल पूर्ण डिस्कवर चालवलं, पार्टिशनवर नाही, आणि पाठोपाठ अपडेट-ग्रब.

एक जागा इथे बहुतेकांच्या नजरेतून सुटते. इनिटरॅमएफएसच्या (इनिटआरडी बनवणाऱ्या सोयीच्या) मांडणीत 'रेझ्यूम' नावाच्या फाइलमध्ये जुन्या स्वॅपचा यूयूआयडी लिहिलेला असतो. तो तसाच राहिला तर मशीन सुरू होतं, पण दर वेळी नसलेल्या स्वॅपची वाट बघत ताटकळतं, आणि जुन्या मशीनवर लोक तो वेळ 'बिचारं म्हातारं झालंय' म्हणून सोडून देतात. तो बदलला आणि इनिटआरडी नव्याने तयार केली.

लॅपटॉप नव्या कर्नलवर सुरू झाला. तेवढ्यावर समाधान मानणं बरोबर नव्हतं, कारण आधीही तो अधूनमधून सुरू होतच होता. मुलाला इनिटआरडी पुन्हा पुन्हा बनवायला लावली, कर्नल काढून परत बसवायला लावला, आणि दर खेपेला फाइलफ्रॅगने जागा पाहिली. आता फाइल पहिल्या १ जीबीबाहेर जाऊच शकत नव्हती.

तरीही मेन्यू येण्याआधी ती आउटसाइड ऑफ डिस्कची ओळ क्षणभर चमकून जात होती. शोधल्यावर कळलं की ग्रब मेन्यूसाठीचा फॉन्ट 'यूएसआर'खालच्या 'शेअर'मधून, म्हणजे रूट पार्टिशनवरून उचलत होता, आणि ती फाइल माल परत आणताना हद्दीपलीकडे बसली होती. सुरू होण्यात त्याने अडथळा येत नव्हता, पण अशी ओळ पडद्यावर राहू दिली तर पुढच्या खऱ्या बिघाडात तीच दिशाभूल करते. ग्रबच्या सेटिंगमध्ये टर्मिनल 'कन्सोल' केलं. साध्या अक्षरांना फॉन्टची फाइल लागत नाही. अपडेट-ग्रब चालवलं, ओळ गेली.

बूटचं पार्टिशन १ जीबीचंच असल्यामुळे जुने कर्नल साठू देता येणार नाहीत. चालू आणि त्याच्या आधीचा असे दोनच ठेवायचे, बाकीचे पॅकेज मॅनेजरमधून काढायचे, हे मुलाने कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. त्याच कागदावर त्याने पार्टिशनांची मांडणी आणि ३,३५,५४,१७६ हा जुना आकडाही उतरवला. नव्या मांडणीत तो आता लागत नाही असं मी म्हटलं, पण त्याला तो हवाच होता. कपाटात त्याच काळातला आणखी एक लॅपटॉप पडून आहे, आणि त्यालाही मोठी एसएसडी लावायचं बाईंच्या मनात आहे. त्याची बायोस किती जीबी दाखवते, हे तो आधी बघणार आहे.